जहाजाच्या यादींतील पूर्वज



मूलहून गडचिरोलीकडे निघालें म्हणजे वैनगंगा येण्यापूर्वीं सावलीचा मुलूख लागतो. धानाच्या बांध्या, जुने तलाव आणि त्यांच्या पलीकडे पसरलेलें जंगल असें त्याचें रूप आहे. या मुलुखांत अलीकडे आज्या-पणज्यांचा शोध पुष्कळ घरांतून चालू असतो, आणि त्यामागें कुळाच्या अभिमानापेक्षां निकड अधिक असते. जे लोक अनुसूचित जमातींपैकीं नाहींत, परंतु पिढ्यान्‌पिढ्या जंगलाच्या आधारानें जगत आले आहेत, त्यांच्यावर २००६ सालच्या वनहक्क कायद्यानें अशी अट घातली आहे कीं, १३ डिसेंबर २००५ पूर्वीं तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षें, आपला वास तेथें होता हें त्यांनीं सिद्ध करावें. जातीच्या दाखल्यासाठींहि जुनाच कागद मागतात. मग माणूस तहसील कचेरीच्या पायऱ्या चढतो, कोतवाल बुकाची नक्कल मागतो, बंदोबस्ताची मिसल काढवितो, आणि पिवळ्या पडलेल्या एखाद्या पानावर पणज्याचें नांव सांपडलें म्हणजे धन्य होतो. ज्या कारकुनानें तें नांव कधींकाळीं लिहिलें, त्याच्या मनांत या पणतवाचा विचार मुळींच नव्हता. सरकारास जन्ममृत्यूचा आणि शेतसाऱ्याचा हिशेब हवा होता, म्हणून त्यानें तें लिहिलें.

सरकारनें स्वतःच्या सोयीसाठीं लिहिलेल्या कागदांतून आपल्या घरचा माणूस कसा शोधून काढावा, याचें एक मोठें उदाहरण मराठी लोकांच्याच इतिहासांत आहे. तें हिंदी महासागरांतील मॉरिशस बेटावरचें. आज मी आपणांपुढें तीच हकीकत मांडणार आहें. सावलीकरांस हें बेट अगदींच परकें वाटण्याचें कारण नाहीं. १९३६ सालीं गांधी सेवा संघाचें अधिवेशन सावलीस भरलें आणि त्यासाठीं गांधीजी तेथें येऊन राहिले, ही गोष्ट त्या गांवांत सर्वांस ठाऊक आहे. त्याच गांधीजींनीं त्यापूर्वीं पस्तीस वर्षें, म्हणजे १९०१ सालीं, दक्षिण आफ्रिकेहून स्वदेशीं परततांना मॉरिशसच्या पोर्ट लुईस बंदरांत उतरून सुमारें तीन आठवडे मुक्काम केला होता. त्या वेळीं त्या बेटावर मराठी कुटुंबांची दुसरी-तिसरी पिढी नांदत होती.

हीं कुटुंबें तेथें गेलीं कशीं? मॉरिशसमध्यें उसाचे मळे हेंच सर्वस्व होतें, आणि त्या मळ्यांवर राबत होते ते गुलाम. १८३५ च्या फेब्रुवारींत तेथील गुलामगिरी कायद्यानें संपली. ती संपणार हें दिसूं लागतांच मळेवाल्यांनीं मजुरांसाठीं हिंदुस्थानाकडे दृष्टि वळविली. २ नोव्हेंबर १८३४ रोजीं ‘अ‍ॅटलस’ नांवाचें जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईसला लागलें. तेव्हांपासून १९१० सालापर्यंत सुमारें साडेचार लक्ष हिंदी माणसें करारावर त्या बेटांत उतरलीं. त्यांतील बहुतेक कलकत्ता आणि मद्रास या बंदरांतून गेलीं. मुंबईहून गेलेल्यांचें प्रमाण दहांत एकाहूनहि कमी होतें. परंतु मराठी माणसांचा संबंध येतो तो याच लहानशा भागाशीं. हीं माणसें मुख्यतः रत्नागिरी जिल्ह्यांतील आणि सावंतवाडी संस्थानांतील होतीं. कांहीं सातारा-कोल्हापुराकडील होतीं. कोंकणांत जमीन थोडी, खोताचा वांटा मोठा आणि पावसाळा संपला कीं हातांना काम नाहीं, अशी स्थिति होती. मुंबईस कामासाठीं येण्याची वहिवाट होतीच. तेथें एखादा मुकादम भेटे आणि समुद्रापलीकडच्या मजुरीचें चित्र रंगवून सांगे. आरंभीचे करार साधारणतः पांच वर्षांचे असत, आणि गड्याला महिना पांच रुपये व शिधा मिळे. एक दिवस कामावर न आल्यास दोन दिवसांची मजुरी कापून घेण्याची दुष्ट चाल तेथें होती, ही गोष्ट मात्र मुकादम सांगत नसे.

या प्रवासाचीं दफ्तरें इतक्या बारकाईनें कां ठेवलीं गेलीं, तें समजून घेतलें पाहिजे. पहिल्या तीन-चार वर्षांतच फसवणुकीच्या आणि हालअपेष्टांच्या तक्रारी इतक्या झाल्या कीं, १८३८ च्या सुमारास ही वाहतूक थांबवावी लागली. १८४२ च्या कायद्यानें ती पुन्हां सुरू करतांना सरकारी देखरेखीची अट घालण्यांत आली. इकडे बंदरांत अधिकारी नेमले गेले, तिकडे पोर्ट लुईसला प्रवाशांचा संरक्षक या नांवाचा हुद्देदार बसला. जहाज निघतांना यादी आणि जहाज लागतांना पुन्हां यादी असा क्रम ठरला. १८४९ पासून या कामासाठीं बंदराच्या कांठीं एक ठाणें उभें राहिलें. त्याला आज आप्रवासी घाट म्हणतात, आणि युनेस्को या संस्थेनें २००६ सालीं त्याची गणना जागतिक वारशांत केली. धक्क्यावरून वर येण्यासाठीं तेथें सोळा दगडी पायऱ्या आहेत. त्या चढून आलेल्या माणसास या ठाण्यांत दोन दिवस राहावें लागे. तेथें त्याला एक क्रमांक मिळे. मळेवाल्याकडे, पोलिसाकडे, इस्पितळांत आणि कोर्टांत तो पुढें याच क्रमांकानें ओळखला जाई.

त्या क्रमांकासमोर नोंदवहींत काय लिहीत, तें ऐका. माणसाचें नांव, बापाचें नांव, कधीं आईचेंहि, वय, उंची, अंगावरच्या खुणा, जात, जिल्हा, परगणा, गांव, ज्या जहाजानें आला त्याचें नांव, उतरल्याची तारीख आणि ज्या मळ्यावर पाठविला त्या मळ्याचें नांव. पुढें तो वारला अथवा परत गेला तर त्याची नोंदहि तेथेंच होई. १८६० नंतरच्या दशकांत यांत छायाचित्राची भर पडली. १८६७ सालच्या मजूर कायद्यानें, करार पुरा करून मोकळ्या झालेल्या जुन्या प्रवाशांनींसुद्धां स्वतःच्या छायाचित्राचें तिकीट आणि पोलिसांचा पास जवळ बाळगावा असें फर्मावलें. तो जवळ नसल्यास रस्त्यावरून उचलून कोठडींत टाकीत. हा जाच इतका वाढला कीं, १८७१ सालीं आडोल्फ द प्लेवित्झ या यूरोपियन गृहस्थाच्या साहाय्यानें ९,४०१ हिंदी लोकांनीं सह्या करून गव्हर्नराकडे अर्ज केला. त्याच्या परिणामीं नेमलेलें चौकशी मंडळ १८७२ सालीं बेटावर आलें आणि त्यानें १८७५ सालीं आपला अहवाल दिला.

या छायाचित्रांचा आजच्या वंशजास होणारा उपयोग पाहिला म्हणजे मन थक्क होतें. कोंकणांत राहिलेल्या भावाचा चेहरा कसा होता हें सांगणारें त्याच्या घरीं आज कांहीं नाहीं. कुणब्याच्या घरीं त्या काळीं चित्र कोण काढणार? समुद्रापार गेलेला भाऊ मात्र छायाचित्रांत उभा आहे. उघडें अंग, खांद्यावर कांबळें, डोळ्यांत अनोळखी यंत्राचें भय. पोलिसास पळपुटा मजूर पकडतां यावा म्हणून काढलेलें हें चित्र आज पणतूच्या दिवाणखान्यांत हार घालून टांगलेलें असतें.

आतां शोधाची रीत सांगतों. मॉरिशसच्या मोका गांवीं १९७० सालीं स्थापन झालेली महात्मा गांधी इन्स्टिट्यूट ही संस्था आहे. हिंदी प्रवाशांचें हें सर्व दफ्तर तेथें जतन केलेलें आहे. शोध घेणारा प्रथम स्वतःच्या जन्माचा दाखला काढतो. त्यावरून बापाचा, बापाच्या दाखल्यावरून आज्याचा, असा एकेक पायरी मागें जातो. मागें जातां जातां एक दाखला असा येतो कीं, त्यांत नांवाच्या शेजारीं क्रमांक असतो. तो क्रमांक हाच सारा दुवा. क्रमांक हातीं आला म्हणजे नोंदवही सांपडते, नोंदवहींत जहाज सांपडतें, आणि जहाजाच्या यादींत गांव सांपडतें. सांगतांना हें सोपें वाटतें. परंतु मराठी माणसाची खरी अडचण येथून पुढें सुरू होते.

पहिली अडचण नांवाची. मुंबईच्या कारकुनानें बहुधा माणसाचें नुसतें पाळण्यांतलें नांव लिहिलें आणि आडनांव विचारलेंच नाहीं. माणसानेंहि तें सांगितलें नसेल, कारण गांवांत ज्याची त्याला ओळख असते तेथें आडनांवाची गरज कमी भासते. पुढें त्याच्या मुलास तेथील दाखल्यांत आडनांव हवें झालें, तेव्हां बापाचेंच नांव त्या जागीं बसलें. यामुळें मॉरिशसच्या मराठी घरांत रामजी, बाबाजी, सखाराम, गणू, बापू अशीं आडनांवें आढळतात. राणे, परब, सावंत हें जें मूळचें, तें वाटेंत गळून पडलें. ज्या पणज्याच्या नांवानें आज सारें कूळ ओळखलें जातें, त्याचें कूळ कोणतें हेंच घरांत कोणास सांगतां येत नाहीं.

दुसरी अडचण लिपीची. त्या काळचा इंग्रज कारकून मराठी ऱ्हस्व अकारासाठीं स्वतःच्या लिपींतील पांचवा स्वर लिहीत असे. पंजाब, गंगा हीं नांवें जुन्या इंग्रजी पुस्तकांतून तशींच छापलेलीं दिसतात. मॉरिशसवर राज्य इंग्रजांचें, परंतु तेथील व्यवहाराची भाषा फ्रेंच, आणि फ्रेंच वाचणारा तो स्वर वेगळाच उच्चारतो. त्यामुळें मुंबईस लिहिलेला गणू पोर्ट लुईसला पोंचेपर्यंत गुन्नू झाला तर नवल नाहीं. आपला ‘ळ’ आणि ‘ण’ त्या लिपींत नाहींतच. तेव्हां शोध घेणारानें डोळ्यांनीं वाचून भागत नाहीं. नांव मोठ्यानें उच्चारून पाहावें, कारकुनाच्या कानावर मूळ शब्द कसा पडला असेल याचा तर्क करावा, आणि मग कोंकणांतील जाणत्या माणसास विचारावें.

तिसरी अडचण गांवाची. एकाच नांवाचीं गांवें आपल्याकडे थोडीं नाहींत. तळवडें सावंतवाडींत आहे आणि राजापुरांतहि आहे. सावलीचेंच पहा. एक सावली वैनगंगेच्या अलीकडे आहे, दुसरी बडोद्याच्या बाजूस आहे. नुसतें ‘सावली’ एवढेंच लिहिलेला कागद घेऊन एखादा पणतू आला, तर त्यानें कोणत्या गाडींत बसावें? त्यांतच जिल्ह्यांच्या सीमा बदललेल्या असतात. यादींत ‘रत्नागिरी’ असें असेल, परंतु तें गांव १९८१ पासून सिंधुदुर्ग जिल्ह्यांत गेलेलें असेल. सावंतवाडी त्या काळीं निराळें संस्थानच होतें. चांदा जिल्ह्यांतहि हाच प्रकार. १९८२ सालीं त्यांतून गडचिरोली जिल्हा निघाला, आणि चांद्याच्या जुन्या कागदांतील शेंकडों गांवें आज त्या नव्या जिल्ह्यांत पाहावीं लागतात. शिवाय मुंबईस कामास आलेल्या माणसानें, गांव कोणतें असें विचारतांच, जन्मगांव सांगितलें कीं मुंबईचा मुक्काम सांगितला, हाहि विचार करावा लागतो. वय तर अंदाजानेंच लिहिलेलें असे. म्हणून कागदांतील एकाच गोष्टीवर विसंबून निर्णय करूं नये. नांव, बापाचें नांव, जात, गांव आणि तारीख यांपैकीं निदान तीन-चार गोष्टींचा मेळ बसला तरच पाऊल पुढें टाकावें.

कागद मुका झाला म्हणजे कधीं कधीं चालीरीति बोलूं लागतात. मॉरिशसच्या मराठी लोकांत झाकरी नांवाचें एक नृत्य आहे. रत्नागिरीकडे गणपतींत पायांत घुंगरू बांधून फेर धरून जाखडी नाचतात, तिचाच हा अवशेष होय. गणेशचतुर्थीस त्या देशांत सरकारी सुटी असते. अशा गोष्टींवरून विशिष्ट कुटुंबाचें गांव कळत नाहीं, हें खरें. परंतु कोणत्या किनाऱ्यावर चौकशी करावी हें त्यांवरून कळतें.

या दफ्तरांतील एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. आपल्या कुळांच्या वंशावळी पाहिल्या तर त्या पुरुषांच्याच असतात. अमक्याचा पुत्र तमका, त्याचा पुत्र फलाणा. बायकोचें नांव बहुधा नसतें, असलें तर तें सासरचें असतें, आणि तिच्या बापाचें नांव तर विचारूंच नये. सात-बाराच्या उताऱ्यावरहि पूर्वीं ती विधवा झाली म्हणजेच यावयाची. मॉरिशसच्या नोंदवहींत मात्र जी स्त्री जहाजांतून उतरली तिला स्वतःचा क्रमांक आहे, स्वतःच्या बापाचें नांव आहे, स्वतःचें गांव आहे. ती कोणाची तरी बायको म्हणून आली असो कीं एकटी आली असो, कारकुनाच्या लेखीं ती एक मजूर होती, आणि मजुराची नोंद पूर्ण झालीच पाहिजे. यांत उदारपणा मुळींच नव्हता. परंतु त्या कोरड्या नियमामुळें एखाद्या पणतीस आज स्वतःच्या पणजीचें माहेर शोधतां येतें. इकडे राहिलेल्या तिच्या बहिणीच्या वंशजांना तें सहसा साधत नाहीं.

जहाजाच्या यादींत पूर्वज शोधणारे लोक जगांत इतरहि आहेत. यूरोपच्या उत्तर टोंकाला असलेल्या नॉर्वे देशांतून शंभर वर्षांत आठ लक्षांच्या आसपास माणसें अमेरिकेस गेलीं. त्यांचें पहिलें जहाज ‘रेस्टॉरेशन’ हें १८२५ च्या जुलै महिन्यांत स्टाव्हांगर बंदरांतून ५२ माणसें घेऊन निघालें. वाटेंत एका बाईस मूल झालें, आणि ९ ऑक्टोबर रोजीं ५३ माणसें न्यूयॉर्कला उतरलीं. उतारूंची यादी बंदरांत द्यावी आणि जहाजाच्या आकाराबाहेर उतारू आणूं नयेत असा कायदा अमेरिकेनें १८१९ सालीं केला होता. या जहाजांत मर्यादेबाहेर माणसें निघालीं म्हणून तें अडकवून ठेवलें, आणि अध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांनीं माफी दिली तेव्हां कोठें सुटलें. म्हणजे तेथेंहि यादीच्या मुळाशीं सरकारी मोजदादच होती. नांवांचा घोंटाळाहि आपल्यासारखाच होता. निल्सचा मुलगा तो निल्सन, असें बापाच्या नांवावरून नांव चाले. शिवाय ज्या शेतवाडीवर माणूस राही तिचें नांव त्याला चिकटे, जसें कोंकणांत गांवाच्या नांवापुढें ‘कर’ लागतें. अमेरिकेंत गेल्यावर एकानें बापाचें नांव धरावें आणि त्याच्या सख्ख्या भावानें वाडीचें नांव धरावें, असेंहि होई.

एका बाबतींत मात्र नॉर्वेचा माणूस भाग्यवान ठरला. त्याच्या मूळ गांवीं देवळाचा पाद्री नोंदवही ठेवीत असे. तींत बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यु यांच्या नोंदी असत, आणि गांव सोडून जाणारांची निराळी यादीहि असे. त्यामुळें अमेरिकेंतला पणतू जहाजाची यादी घेऊन गांवीं आला, तर पाद्र्याच्या वहींत त्याच्या पूर्वजाचें नांव, जन्मतिथि आणि गांव सोडल्याचें वर्ष बहुधा मिळतें. एकाच कागदाचे दोन तुकडे जुळवून पाहावेत, तसें हें आहे.

आपल्याकडे तुकडा आहे तो एकच, आणि तोहि परदेशांत. गांव सोडून गेलेल्या माणसाची नोंद आपण कशी केली? ‘परागंदा झाला’ हे दोन शब्द लिहिले किंवा बोललों, आणि विषय संपविला. रत्नागिरी जिल्ह्यांत जमिनीची सविस्तर मोजणी झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत. त्यापूर्वींच जे जहाजावर चढले होते त्यांचीं नांवें तींत असण्याचा संभव कमी. राहिलेल्या भावाच्या नांवें जमीन लागली, आणि गेलेल्या भावाचें नांव घरच्या बायकांच्या तोंडीं एक-दोन पिढ्या राहून पुसलें गेलें. म्हणून कोंकणांत शोधास आलेल्या माणसानें गेलेल्याचें नांव शोधूं नये, त्याच्या बापाचें आणि भावांचें शोधावें. गांवच्या देवस्थानाच्या मानकऱ्यांची परंपरा विचारावी. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्या पाहाव्या. तेथें श्राद्धासाठीं गेलेल्या एखाद्या भावानें घरच्या साऱ्या नांवांबरोबर त्या बेपत्ता भावाचेंहि नांव सांगितलें असण्याचा संभव असतो. ज्यांच्या पूर्वजांचें गांव कागदांत स्पष्ट मिळालें त्यांना त्याचें फळहि मिळालें आहे. मॉरिशसचे पहिले पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम यांचे वडील बिहारमधील हरिगांवचे. त्यांचे चिरंजीव नवीनचंद्र रामगुलाम हे स्वतः पंतप्रधान असतांना त्या गांवीं जाऊन आले. आज्याच्या गांवची माती पाहून येण्याचें हें भाग्य साध्या मजुराच्या पणतवालाहि लाभूं शकतें, परंतु त्यासाठीं गांवानें कांहीं तरी जपून ठेवलेलें असावें लागतें.

येथून मी पुन्हां सावलीकडे वळतों. आपल्या भागांत जुना कागद आहे तो मुख्यतः कोतवाल बुकांत आणि बंदोबस्ताच्या दफ्तरांत. त्याचीं पानें हाताळून हाताळून फाटत आहेत, कडा झडत आहेत, कांहीं वाळवीच्या भक्ष्यस्थानीं पडलीं आहेत. ज्यास गरज पडते तो आपल्यापुरती नक्कल घेतो आणि बाकीचें बुक तसेंच मिटून ठेवतो. गोंडांच्या घरीं प्रधान कुळाची परंपरा गाऊन सांगत आले आहेत. तें गाणें ऐकून, ज्याचें त्याला विचारून, कोणी लिहून ठेवील तर तोहि एक मोठा आधार होईल. गांवोगांवच्या शाळांतील शिक्षकांनीं मनावर घेतल्यास एका उन्हाळ्यांत एका गांवचें कोतवाल बुक स्वच्छ अक्षरांत उतरवून होईल. त्यास फार खर्च नाहीं.

आणि शेवटीं एक गोष्ट. जहाजावर चढून जाणारे मजूर ही कांहीं गेलेल्या काळचीच गोष्ट नव्हे. समुद्रापारची ती करारबंद वाहतूक १९१७ सालीं थांबली. तरी आजहि सावली, मूल, गडचिरोली या भागांतून धान निघाल्यावर गड्यांचीं व बायकांचीं टोळकीं मिरची तोडण्यासाठीं तेलंगणांत जातात. कोणी ट्रकमध्यें बसून जातो, कोणी जीपमध्यें. १९७९ सालच्या कायद्यानें असें सांगितलें होतें कीं, परप्रांतीं मजूर नेणाऱ्या ठेकेदारानें नोंदवही ठेवावी आणि प्रत्येक मजुरास छायाचित्रासह पासबुक द्यावें. आपल्या गांवांतून जीप सुटतांना अशी वही कोणी उघडलेली पाहिली आहे काय? ठेकेदाराच्या खिशांतील चिठोऱ्यावर टोळीचा आंकडा असतो, नांवें नसतात. वाटेंत कोणी आजारी पडला, कोणी तिकडेच राहिला, तर घरच्यांनीं कोणत्या कचेरींत विचारावें? पोर्ट लुईसच्या कारकुनानें माणसास क्रमांक दिला, परंतु त्यानें निदान त्याच्या बापाचें आणि गांवाचें नांव विचारलें होतें.

ग्रामपंचायतीनें एक साधी वही ठेवावी. कोण गेला, कोणाचा मुलगा अथवा मुलगी, कोणत्या गांवीं, कोणाबरोबर, कधीं परतला, एवढें तींत लिहावें. पहिला उपयोग आजचाच होईल. मजुरी बुडाली अथवा माणूस हरवला तर दाखवायला कांहीं तरी राहील. दुसरा उपयोग ज्यांना होईल ते अजून जन्मास यावयाचे आहेत. ते कोठें राहत असतील आणि कोणती भाषा बोलत असतील, हें आपणांस सांगतां येत नाहीं. परंतु त्यांतील एखादा कधीं तरी सावलीच्या चौकांत उतरून पणजीचें नांव विचारील. त्याला दाखवायला ती वही गांवांत असावी, एवढीच माझी विनंति आहे.